आभासी जगात पहिला तास: नव्या शिक्षकांसाठी वाटाड्या

आभासी जगातल्या वर्गाचं सगळीकडे दिसणारं रूप नेमकं निरुपयोगी आहे. त्रिमितीय खोली, ओळीने बाकं, समोर भला मोठा पडदा, त्यावर स्लाइड्स आणि त्यांच्यापुढे गप्प उभे असलेले अवतार, म्हणजे विद्यार्थी पडद्यावर चालवतात ती पात्रं. एवढंच करायचं असेल तर साधा व्हिडिओ कॉल बरा, तो निदान कमी अडकतो. या जगात घातलेली मेहनत वसूल होते ती विद्यार्थ्यांचे हात चालले तर. रचणं, मोजणं, पाडून पुन्हा उभं करणं, एक गोष्ट बदलून दुसरीवर काय परिणाम होतो ते बघणं, हे तिथे जमलं पाहिजे.

ज्यांनी असा तास अजून एकदाही घेतलेला नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पायऱ्या क्रमानेच घ्या. सातव्या पायरीवर एक पूर्ण तास तयार करून दिला आहे, तो तसाच्या तसा वापरायलाही हरकत नाही.

पायरी १: आधी धडा निवडा, आणि तो छोटा निवडा

वर्गात जे दाखवता येत नाही त्यासाठी आभासी जग वापरायचं. गोष्ट फार मोठी असते, फार लहान असते, धोक्याची असते, लांब असते किंवा घडायला फार वेळ घेते. चुकल्यावर जिथे नुकसान होतं तेही यात येतं. एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये वैमानिकांना जमिनीवरच सराव देणारं यंत्र बनवलं, ते याच गरजेतून. चुका आधी इथे करून घ्या, मग आकाशात जा.

निवड बरोबर आहे का हे तपासायला टाचणात एकच वाक्य लिहा: विद्यार्थी तिथे नेमकं काय करेल? उत्तर ‘पाहील’ आणि ‘ऐकेल’ यांच्या पुढे जात नसेल, तर दुसरा घटक शोधा किंवा चांगला व्हिडिओ लावा.

कित्येकदा पूर्ण जगाची गरजच नसते. सर्किटमध्ये बल्ब का पेटत नाही, लंबकाची दोरी लांब केली तर काय होतं, यासाठी फेट प्रकल्पाची मोफत सिम्युलेशन्स पुरतात. भौतिकशास्त्राचे नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. सिम्युलेशन्स ब्राउझरमध्ये चालतात आणि अवतार, खातं, हेडसेट यांतलं काहीही मागत नाहीत. एका विद्यार्थ्यासमोर एकच प्रयोग असेल तर मी आधी तिकडेच बघेन. अनेकांनी एकाच जागी, एकाच वेळी काम करायचं असेल तेव्हा आभासी जग.

पायरी २: साधन ठरवा

पर्याय ढीगभर आहेत, पण नवख्या माणसाने चारांच्या पलीकडे बघू नये.

माइनक्राफ्ट म्हणजे ब्लॉक रचून जग बांधायचा खेळ, त्याची शिक्षण आवृत्ती २०१६ पासून आहे. इथला प्रत्येक ब्लॉक एक मीटर बाजूचा घन मानतात, त्यामुळे लांबी, क्षेत्रफळ, घनफळ, प्रमाण हे विषय आपोआप आत येतात. शिक्षकाला उपयोगी पडणाऱ्या सोयी आयत्या मिळतात: काही भागात बांधकाम बंद ठेवता येतं, सूचना लिहायचे फळे लावता येतात, विद्यार्थ्यांना कॅमेऱ्याने आपल्या कामाचे फोटो काढता येतात. मात्र परवाना विकत घ्यावा लागतो आणि संस्थेची खाती लागतात.

लुआंटी हा तसाच ब्लॉकचा, पण मोफत, मुक्तस्रोत पर्याय. ऑक्टोबर २०२४ पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिकांमध्ये तेच नाव सापडेल. जुन्या, कमी ताकदीच्या संगणकांवरही तो चालतो. एकदा उतरवून घेतला की इंटरनेट नसलं तरी प्रयोगशाळेच्या अंतर्गत जाळ्यावर सगळा वर्ग जोडता येतो. एक गोष्ट नवख्यांना हमखास गोंधळात टाकते: लुआंटी हे नुसतं इंजिन आहे, म्हणजे खेळ चालवणारं सॉफ्टवेअर. आत खेळायचा ‘गेम’ त्याच्याच कंटेंट विभागातून वेगळा उतरवावा लागतो. तो उतरवला नाही तर जग तयारच होत नाही, आणि माणसाला वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं.

ओपनसिम्युलेटर मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठी ठीक. लोक अवतार घेऊन वावरतात त्या, २००३ मध्ये सुरू झालेल्या सेकंड लाइफसारखंच जग, पण आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर उभं करता येणारं. संवादाचा सराव, भाषाशिक्षण, मुलाखतीची रंगीत तालीम यांना इथली माणसासारखी दिसणारी पात्रं शोभतात. पण शिकायला वेळ जातो. पहिल्या तासासाठी मी हे सुचवणार नाही.

चौथा पर्याय डोक्यावर घालायच्या हेडसेटचा. सगळ्यांना सगळ्यात आधी हाच हवा असतो. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे, कारण तो सगळ्यात शेवटी घ्यावा असं माझं मत आहे.

पायरी ३: यंत्रं आणि जाळं तपासा

तास ज्या खोलीत आहे त्याच खोलीत, त्याच संगणकांवर तपासा. तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवर चाललं याला काही अर्थ नाही. किमान पाच-सहा यंत्रं एकाच वेळी जोडून बघा, कारण एकट्याने नीट चालणारं जग गर्दीत अडखळतं. संस्थेच्या फायरवॉलमध्ये (जाळ्याच्या राखणदारात) लागणारा पोर्ट, म्हणजे ये-जा करायचं दार, बंद असण्याची शक्यता दाट असते (लुआंटी ठरावीक सेटिंगमध्ये ३०००० क्रमांकाचा यूडीपी पोर्ट वापरतो). तंत्र सांभाळणाऱ्या माणसाला हा आकडा आधीच लिहून द्या. तासाच्या दिवशी तो माणूस सापडत नाही, हा जगभरचा नियम आहे.

उंदीर म्हणजे माउस जोडता आला तर जरूर जोडा. लॅपटॉपच्या टचपॅडवर त्रिमितीय जगात मान वळवणं हे नवख्यासाठी जाचक काम आहे, आणि मुलं कंटाळतात ती विषयाला नव्हे, त्या टचपॅडला.

पायरी ४: खाती, वय, परवानगी

सेवेच्या अटींमधली वयाची अट वाचा. अनेक सेवांसाठी ती १३ वर्षं असते. मेटाने क्वेस्ट हेडसेटसाठी पालकांच्या देखरेखीखालची खाती २०२३ मध्ये १० वर्षांपर्यंत खाली आणली, पण ती पालकांनी उघडायची असतात, शिक्षकाने नव्हे. पालकांना एक पानभर पत्र द्या: कोणतं साधन, कशासाठी, किती वेळ, कोणती माहिती साठवली जाईल. अवतारांची नावं टोपणनावं ठेवा आणि टोपणनाव कोणाचं आहे याची यादी तुमच्या वहीत ठेवा, जगात नको.

जग खासगी असलंच पाहिजे. अनोळखी माणसं येऊ शकतील अशा खुल्या सर्व्हरवर वर्ग नेऊ नये, मग तो कितीही सुंदर असो.

पायरी ५: आधी एकटे जा

दोन गोष्टी करा. पहिली, हालचाल हातात बसेपर्यंत फिरा: चालणं, उडी, उडणं, वस्तू निवडणं, परत सुरुवातीच्या जागी येणं. दुसरी, विद्यार्थ्याच्या खात्यातून आत जाऊन बघा. शिक्षकाच्या खात्याला सगळ्या परवानग्या असतात, त्यामुळे विद्यार्थ्याला दार उघडत नाही हे शिक्षकाला कधी दिसतच नाही.

माइनक्राफ्टमध्ये आणखी एक लक्षात ठेवा. जग तुमच्या संगणकावरून चालवत असाल तर तुम्ही बाहेर पडलात की सगळेच बाहेर पडतात. चार्जर लावा, स्क्रीन झोपी जाण्याची सेटिंग बंद करा.

पायरी ६: जागा तयार करा, पण सजवू नका

नवख्या शिक्षकाचा सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. कमानी, कारंजी, संस्थेचं प्रवेशद्वार. सेकंड लाइफ भरात असताना बऱ्याच विद्यापीठांनी तिथे बेटं घेऊन आपापल्या इमारतींच्या हुबेहूब प्रतिकृती उभ्या केल्या. त्या बघायला छान होत्या, पण तिथे विद्यार्थ्याला करण्यासारखं फारसं नव्हतं.

सपाट जमीन घ्या. क्रिएटिव्ह मोड लावा म्हणजे ब्लॉक संपत नाहीत. दिवस कायमचा ठेवा, पाऊस आणि राक्षस बंद करा, इजा आणि स्फोटकंही बंद. प्रत्येक गटाला आखलेला चौकोन द्या आणि चौकोनांच्या मध्ये रुंद रस्ते ठेवा. जवळजवळ बसवलेले गट एकमेकांच्या भिंती पाडतात, कधी चुकून, कधी नाही. मधोमध एक उंच खांब उभारा, हरवलेल्याला लांबून दिसेल असा. प्रत्येक चौकोनाजवळच्या फळ्यावर कामाच्या सूचना लिहा, तीन ओळींपेक्षा जास्त नको.

रंग निवडताना निळा आणि पिवळा घ्या. लाल-हिरव्याचा फरक काही विद्यार्थ्यांना दिसत नाही, आणि ते तसं सांगतीलच असं नाही.

पायरी ७: तास

खरं तर हे दोन तास आहेत. पहिला मोकळा सोडा. नव्या जगात आलेला कोणीही आधी उडणार, खणणार, दुसऱ्याला ढकलणार, आणि ते अडवण्यात शक्ती घालवू नये. या तासात फक्त तीन नियम लावून घ्या: दुसऱ्याचं बांधकाम त्याला विचारल्याशिवाय पाडायचं नाही, चॅटमध्ये कामापुरतंच लिहायचं आणि ‘थांबा’ म्हटलं की हात कीबोर्डवरून उचलायचे. तिसऱ्याचा सराव चार-पाच वेळा करून घ्या. पुढे सगळा वर्ग त्यावर चालतो. ऐकूच येत नसेल, तर माइनक्राफ्टमध्ये ‘टीपी’ आज्ञेने सगळे अवतार एका क्षणात तुमच्यापुढे आणता येतात. गोंगाट आपोआप थांबतो.

दुसरा तास खरा. घटक: घनाचं बाहेरचं आणि आतलं.

आत जाण्यापूर्वी, कागदावर, प्रश्न द्या. ब्लॉक रचून भरीव घन केला. काही ब्लॉक बाहेरून दिसतात, काही आत पूर्ण झाकले जातात. घन मोठा करत गेलो तर झाकलेले ब्लॉक दिसणाऱ्यांपेक्षा जास्त कधी होतील? की कधीच होणार नाहीत? प्रत्येकाने आपला अंदाज लिहायचा आणि कागद उलटा ठेवायचा. ही पाच मिनिटं वाचवायचा मोह होतो. वाचवू नका. अंदाज लिहिलेला नसेल तर नंतर ‘मला वाटलंच होतं’ म्हणायला सगळे मोकळे.

आता जगात. चार-चार जणांचे गट. प्रत्येक गटाने ३, ४ आणि ५ बाजूचे तीन भरीव घन रचायचे. बाहेरून दिसणारे ब्लॉक निळे, झाकले जाणारे पिवळे. मोजायचे आणि तक्त्यात लिहायचे. ३ बाजूच्या घनात २७ ब्लॉक, त्यांतला १ पिवळा. ४ च्या घनात ६४ पैकी ८. ५ च्या घनात १२५ पैकी २७.

रचताना काय होतं ते बघत फिरा. पहिला थर सगळा निळा, हे बहुतेकांना आधीपासून कळतं. शेवटचा थरही सगळा निळाच, हे काहींना वर पोचल्यावर कळतं, तोपर्यंत त्यांनी तिथे पिवळे लावलेले असतात. मधल्या प्रत्येक थराला निळी चौकट आणि आत पिवळा चौरस. म्हणजे प्रत्येक दिशेने दोन-दोन थर कमी झाले. फळ्यावर सूत्र लिहून जे घोकावं लागलं असतं, बाजूतून दोन वजा करा आणि त्याचा घन करा, ते इथे हाताखालून जातं. ज्या गटाने चूक केली तो गट ते जास्त पक्कं सांगतो. म्हणून चुकीचा पिवळा ब्लॉक दिसला तरी बोलू नका, त्यांना मोजणीत अडकू द्या.

पंधरा-वीस मिनिटांत हे होतं. मग थांबा म्हणा, सगळ्यांना मधल्या खांबाजवळ बोलवा आणि मोठे घन तुम्ही करून दाखवा. माइनक्राफ्टमध्ये ‘फिल’ आज्ञेला दोन विरुद्ध कोपऱ्यांचे निर्देशांक दिले की मधला सगळा भाग भरतो आणि किती ब्लॉक भरले हेही सांगतो. आधी अख्खा घन निळ्याने भरा, मग आतला भाग पिवळ्याने. दुसरा आकडा म्हणजे झाकलेले ब्लॉक. एक खाच आहे: १० बाजूच्या घनासाठी ० ते ९ असे निर्देशांक द्यायचे. ० ते १० दिले तर ११ चा घन होतो. लुआंटीमध्ये अशी सोय हवी असेल तर वर्ल्डएडिट हा मॉड (जोडायचा जादा भाग) आधी बसवा. नाही जमलं तर हा भाग कागदावर सोडवायला द्या, बिघडत नाही.

९ बाजूचा घन: झाकलेले ३४३, दिसणारे ३८६. अजून बाहेरचेच जास्त. १० बाजूचा: झाकलेले ५१२, दिसणारे ४८८. पारडं इथे फिरतं. आता उलटे ठेवलेले कागद सरळ करायचे.

पायरी ८: लॉगआउट करा आणि बोला

घंटेआधीची शेवटची दहा-बारा मिनिटं स्क्रीन बंद. चालू स्क्रीनसमोर चर्चा होत नाही, तिथे डोळे अडकलेले असतात. प्रश्न साधे ठेवा. तुमचा अंदाज कशामुळे चुकला? थर रचताना काय लक्षात आलं? १०० बाजूच्या घनात काय होईल, न रचता सांगा. आणि मग विज्ञानाकडे वळवणारा: कुटलेला बर्फ अख्ख्या लादीपेक्षा लवकर का वितळतो? पेशी लहानच का असतात? घन वाढतो तसा आतल्या प्रत्येक भागाच्या वाट्याला कमी पृष्ठभाग येतो, इथपर्यंत कोणीतरी पोचतंच.

मूल्यमापन जगाबाहेर करा. कोणाचा घन देखणा झाला याला गुण देऊ नका. दुसऱ्या दिवशी कागदावर तीच कल्पना वेगळ्या वेषात विचारा, उदाहरणार्थ घनाऐवजी ४ गुणिले ५ गुणिले ६ ची पेटी. उत्तर चुकलं तर रचणं झालं, शिकणं राहिलं. (झाकलेले २४, दिसणारे ९६.)

हेडसेट कधी

वरचे दोन-तीन तास साध्या स्क्रीनवर जमल्यानंतर. यामागे निव्वळ सावधपणा नाही. गायडो माक्रान्स्की, रिचर्ड मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रयोगशाळेचं एकच सिम्युलेशन हेडसेटवर आणि साध्या संगणकावर देऊन बघितलं. हेडसेटवाल्यांना आपण ‘तिथेच आहोत’ असं जास्त वाटलं, पण ते शिकले कमी. डोळ्यांपुढे भव्य काही असलं की मन तिकडे खर्च होतं. उंचीचा अंदाज, यंत्राच्या आत हात घालून करायची दुरुस्ती, रेणूभोवती फिरून त्याचा आकार समजून घेणं, अशा जागेशी आणि शरीराशी जोडलेल्या गोष्टींसाठी मात्र हेडसेटला तोड नाही.

वापरायचाच तर पहिली फेरी दहा मिनिटांच्या आत, आणि बसून. डोळ्यांना आपण चालतोय असं दिसतं आणि कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं आपण स्थिर आहोत. या विसंगतीतून मळमळ येते. म्हणून सरकत चालण्याऐवजी एका जागेवरून दुसरीकडे उडी घेणारी टेलिपोर्टची पद्धत निवडा. कोणी ‘गरगरतंय’ म्हटलं तर लगेच काढायला लावा, ‘थोडं थांब, सवय होईल’ असं म्हणू नका. चार जणांत एक हेडसेट पुरतो: एक आत, एक त्याला सूचना देणारा, एक नोंदी घेणारा, एक त्याच्या आजूबाजूला भिंत-खुर्ची येत नाही ना हे बघणारा. आतलं दृश्य मोठ्या स्क्रीनवर पाठवलं की चौघंही कामात राहतात. आणि हेडसेट खिडकीत ठेवू नका. भिंगांतून आलेलं ऊन आतला पडदा जाळतं.

बोलणारी पात्रं

आता आभासी जगात कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी पात्रं ठेवता येतात. विद्यार्थी प्रश्न विचारतो, समोरचा वैद्य किंवा खलाशी उत्तर देतो. भाषेच्या सरावाला आणि मुलाखतीच्या तालमीला ती चांगली. इतिहासाच्या तासाला मी सांभाळून राहीन, कारण ही पात्रं न घडलेली गोष्टही त्याच आत्मविश्वासाने सांगतात. त्यावरच तास बेतता येतो: पात्राने सांगितलेल्या पाच गोष्टी लिहून घ्या आणि पुस्तकातून पडताळा. विद्यार्थ्यांनी पात्राला आपलं नाव, पत्ता, घरच्या गोष्टी सांगायच्या नाहीत, हे आधी बजावा.

पायरी ९: जग स्वतःकडे ठेवा

ही पायरी बहुतेक जण वगळतात. पण अशा सेवा बंद पडतात, आणि तिथे बांधलेलं त्यांच्याबरोबर जातं. गूगल एक्सपिडिशन्स २०२१ मध्ये बंद झालं. आल्टस्पेसव्हीआर मार्च २०२३ मध्ये गेलं. मोझिलाने हब्स ही आपली सेवा ३१ मे २०२४ ला थांबवली. सेकंड लाइफ चालू राहिलं, पण ते चालवणाऱ्या लिंडेन लॅब कंपनीने २०१० मध्ये शिक्षणसंस्थांची सवलत काढून घेण्याचं जाहीर केलं तेव्हा अनेक संस्थांना आपली बेटं सोडावी लागली. सवलत २०१३ मध्ये परत आली तोवर बरेच जण ओपनसिम्युलेटरकडे गेले होते.

तेव्हा साधन निवडतानाच विचारा: मी बांधलेलं बाहेर काढता येतं का? माइनक्राफ्टमध्ये जग फाइल म्हणून निर्यात होतं. लुआंटीमध्ये ‘वर्ल्ड्स’ फोल्डरमधली त्या जगाचं पूर्ण फोल्डर उचलून पेन ड्राइव्हवर ठेवली की झालं. ओपनसिम्युलेटरमध्ये अख्खा प्रदेश ओएआर फाइलमध्ये साठवता येतो.

दोन प्रती करा. एक मुलं येण्यापूर्वीची, कोऱ्या चौकोनांची, म्हणजे पुढच्या तुकडीला तेच जग पाच मिनिटांत तयार. दुसरी तास संपल्यावरची, त्यांच्या घनांसकट. फाइलच्या नावात तारीख आणि तुकडी घाला, आणि प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. न उघडलेली प्रत चालते की नाही हे कळायला दुसरा मार्ग नाही.